हौसाबाईचा ताबा

"पाय कुठं ठिवू?" नंदूशेठने उंबऱ्यात उभं राहून विचारलं.

प्रश्न रास्त होता. लोंढे मास्तरांच्या घरातल्या तिन्ही खोल्यांत जमीन म्हणून दिसत नव्हती. सगळीकडे जुन्या साड्या अंथरलेल्या आणि साड्यांवर उडदाचे ओले पापड, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. नंदूशेठच्या मागे दोन माणसं लोखंडी कपाट पोटाशी धरून घामाघूम झाली होती. त्याने कोल्हापुरी चपला बाहेर काढल्या होत्या, उजवा पाय उचलला होता, पण तो टेकवायचा कुठे ते काही त्याला सुचत नव्हतं.

"जागा दिसंल तिथं ठेवा," रत्नाबाई खराडे लाटणं न थांबवता म्हणाल्या. "नसंल दिसत तर पापड वाळल्यावर या."

"अवो पर कपाट आत घ्यायचंय."

"घ्या की. आम्ही कुठं अडवलंय?"

नंदूशेठने आमच्याकडे पाहिलं. आम्ही आठ-नऊ जणी मांडी घालून, मान खाली घालून लाटत होतो. कुणी हसली असती तर सगळंच ओमफस झालं असतं. त्याने दात ओठ खाल्ले आणि पाय खाली आणला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या लोखंडी कॉटवरून त्याच्या आईचा आवाज आला.

"नंद्या, अन्नावर पाय देतोस व्हय?"

पाय जागच्या जागी थांबला. मग तो मागे गेला, आणि त्याच्यामागे कपाटही गेलं.

आता हे नंदूशेठ कोण, त्यांची आई मास्तरांच्या घरात काय करत होती आणि आम्ही तिच्याभोवती पापड का घालत होतो, ते सांगते. याला पंचवीसएक वर्षं झाली. मी तेव्हा तासगावात शिक्षक कॉलनीत राहत होते. आमच्या भिंतीला भिंत लागून लोंढे मास्तरांचं घर. मास्तर आयुष्यभर खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहिले आणि निवृत्त झाल्यावर हे तीन खोल्यांचं घर बांधलं. चार वर्षं त्यात राहिले असतील नसतील, तोच त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई त्यांना आणि घरातलं सामान घेऊन मुलीकडे पुण्याला गेल्या, आणि किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्या.

रिकाम्या घराला नुसतं कुलूप पुरत नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी रोज तिथे झाडत होते, संध्याकाळी दिवा लावत होते, बाहेरच्या दोरीवर आमचीच एखादी चादर वाळत टाकत होते. पण एप्रिलात माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी माहेरी गेले. मागे घरी आमचे हे होते.

यांचं वर्णन करायचं तर हे बँकेत होते आणि "आपल्याला काय करायचंय" हे यांचं आवडतं वाक्य होतं. हे खिडकीत पेपर वाचत बसलेले असताना शेजारी टेम्पो आला, कुलूप फोडलं गेलं, कॉट आत गेली, स्टोव्ह आत गेला, एक म्हातारी आत गेली. हे सगळं यांनी पाहिलं. यांना वाटलं, मास्तरांचे पाहुणे असतील. पाहुणे कुलूप फोडून कशाला येतील, हे मी परत आल्यावर विचारलं, तेव्हा यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "हां, तेही खरंच."

नंदकुमार डुबल ऊर्फ नंदूशेठ हा प्लॉट आणि घरांच्या व्यवहारातला माणूस. गुंड पाठवणं, दमदाटी करणं असला आडदांडपणा तो करत नसे. त्याची रीत साधी होती. मालक परगावी गेलेला असला की त्या घरात तो आपल्या आईला, हौसाबाईला, नेऊन बसवायचा. एक कॉट, एक स्टोव्ह, देवाची एक तसबीर. सत्तरीच्या म्हातारीला हाताला धरून बाहेर कोण काढणार? मग हळूहळू कपाट यायचं, गॅस यायचा, दारावर पाटी लागायची, आणि शेवटी एखादं बिऱ्हाड. मालक कोर्टाच्या पायऱ्या चढून चढून दमला की घर पडेल त्या भावात याला देऊन मोकळा व्हायचा. विचारलं तर नंदूशेठ सांगायचा, मालकाच्या चुलतभावाकडून घेतलंय. लोंढे मास्तरांचा हा चुलतभाऊ मी कधी पाहिला नव्हता. मास्तरांनीही पाहिला नसावा.

मी पोलिसांकडे गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा, असं सांगितलं. मग मी पुण्याला फोन लावला.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "शैला, यांच्या कानावर जाता कामा नये हं. यांचं बोलणं अजून समजत नाही. सगळे शब्द एकमेकांत अडकतात. एकच शब्द स्पष्ट येतो, 'घर'. दिवसातून पन्नास वेळा. डॉक्टर म्हणतात, आता नेलंत तरी चालेल. मी त्यांना कुठं नेऊ गं?"

फोन ठेवला आणि मी रत्नाबाईंकडे गेले.

रत्नाबाई खराडे म्हणजे आमच्या कॉलनीचं सरकार. उन्हाळ्यात कुणाकडे कधी पापड, कुणाकडे कुरडया, हे त्या ठरवायच्या. ज्या घरी पापड, त्या घरी सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी पुढचं घर. हा फेरा मोडायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि मला घेऊन कोपऱ्यावरच्या गुरव वकिलांकडे गेल्या.

गुरव वकील म्हणाले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. वकिलाच्या तोंडून हे ऐकून बरं वाटलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की दावा लावता येतो आणि तो आपण जिंकूही, पण निकाल लागेपर्यंत मास्तर असतील की नाही सांगता येत नाही. ताबा लोणच्यासारखा असतो, म्हणाले, मुरला की मग काढता येत नाही. नंदूशेठचा अजून मुरलेला नाही, आत नुसती एक कॉट आहे. तो मुरू देऊ नका. मात्र म्हातारीला बोट लावायचं नाही, ढकलायचं नाही, शिवी द्यायची नाही, नाहीतर गुन्हा तुमच्यावर.

"आणि आम्ही आत गेलो तर?" रत्नाबाईंनी विचारलं.

"मालकिणीची परवानगी असेल तर खुशाल जा. घर तिचं आहे."

रत्नाबाई उठल्या. त्याच संध्याकाळी माझ्या फोनवरून त्या प्रमिलाबाईंशी बोलल्या. प्रमिलाबाई रडत म्हणाल्या, माझ्या घरात काय वाट्टेल ते करा, पण ते वाचवा. रत्नाबाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "उडदाचा पापड उन्हात तडकतो. त्याला सावली लागती. पंख्याखाली, घरात. होय का न्हाई?"

"होय."

"मग ह्या साली सगळ्यांचे पापड मास्तरांच्यात."

दुसऱ्या दिवशी आमची वरात निघाली. पिठाचे डबे, पोळपाटं, लाटणी, जुन्या साड्यांची बोचकी. कुलूप तुटलेलंच होतं आणि म्हातारीने वाऱ्यासाठी दार सताड उघडं ठेवलं होतं. आम्हाला बघून ती कॉटवर ताठ झाली. वाळलेली, काळीसावळी बाई, कपाळावर गोंदण, हिरवं नऊवारी लुगडं.

"कोन वो तुमी?"

रत्नाबाईंनी सांगितलं, घराच्या मालकिणीने आम्हाला पापडाला घर दिलंय.

"मला काय बी ठावं न्हाई. मला उठाय सांगू नगा."

"कोण सांगतंय? बसा निवांत," रत्नाबाई म्हणाल्या. "पाय तेवढे वर घ्या, साडी अंथरायची हाय."

म्हातारीने पाय वर घेतले.

पहिला दिवस ती नुसती बघत बसली. आम्ही पीठ कुटलं, तेल लावून मळलं, लाट्या केल्या. पापडाच्या दिवशी कच्ची लाटी तेलात बुडवून खायची मजा असते. मी सगळ्यांना वाटल्या आणि तिला मुद्दाम वगळलं. का देऊ? माझ्या डोळ्यांसमोर मास्तर होते. रत्नाबाईंनी मात्र आपली लाटी उचलून तिच्या हातात ठेवली. म्हातारीने ती चघळत चघळत अर्धा तास पुरवली.

त्याच दिवशी नंदूशेठ कपाट घेऊन आला आणि परत गेला, ते सांगितलंच. दुसऱ्या दिवशी तो तांबडं फुटायला आला, तर आम्ही त्याच्याही आधी येऊन साड्या अंथरून बसलेलो. तिसऱ्या दिवशी पापड संपतील अशी त्याची अटकळ होती, पण तिसऱ्या दिवशी शेवया होत्या. मधल्या खोलीत दोऱ्या बांधून आम्ही त्यावर शेवया टाकल्या, बरोबर त्याच्या गळ्याच्या उंचीवर. तो बिचारा वाकून आत शिरायला गेला आणि केसांत शेवया घेऊन बाहेर आला. त्यानंतर कुरडया, मग सांडगे. नंदूशेठ चिडून पोलिसांत गेला. साहेबांनी विचारलं, घर कुणाचं? हा म्हणाला, वाद हाय. मग त्यालाही ऐकावं लागलं की ही दिवाणी बाब आहे. हे आम्हाला गुरव वकिलांनी सांगितलं, तेव्हा रत्नाबाईंना हसता हसता ठसका लागला.

पण नंदूशेठची खरी चूक वेगळीच होती, आणि ती त्याच्या शेवटपर्यंत लक्षात आली नाही. ज्या बाईने जन्मभर वाळवणं केली, तिला त्याने ऐन हंगामात लाटणाऱ्या बायकांच्या मधोमध हातावर हात ठेवून बसवलं होतं. हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला जमायचं नाही. हौसाबाईला दीड दिवस जमलं.

दुसऱ्या दुपारी ती कॉटवरून म्हणाली, "जाड लाटतीयास."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतेय.

"तुलाच म्हंते. चष्मेवाली. भाकरी थापतीयास का पापड लाटतीयास?"

माझ्या पापडांना आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. लोकांच्या घरात कुलूप फोडून शिरलेल्या बाईने तर नाहीच नाही. मी लाटणं खाली ठेवलं आणि बोलायला तोंड उघडलं, तोवर ती कॉटवरून उतरली, पापडांच्या मधून अचूक पावलं टाकत माझ्यापाशी आली आणि माझं लाटणं तिने उचलून घेतलं. एक लाटी घेतली, पाच-सहा वेळा लाटणं फिरवलं, आणि तो पापड साडीवर टाकला, तर खालची नक्षी वरून मोजून घ्यावी इतका पातळ. सगळ्या बायका माना पुढे काढून बघायला लागल्या. मला इतका राग आला की सांगता सोय नाही.

त्यानंतर हौसाबाई कॉटवर फक्त झोपायला जायची. सकाळी आम्ही यायच्या आत तिने खोल्या झाडलेल्या असायच्या. ती लाटायला बसली की आपोआप बोलायला लागायची. तिचा नवरा मुकादम होता, लवकर गेला. नंदू एकुलता एक. त्याला तिने रोजगार करून वाढवला. हे चौथं घर, म्हणाली. पहिलं विट्याला, चांगला बंगला होता, पण त्यात एकटीला भ्या वाटायचं. दुसऱ्याला पाणी नव्हतं. तिसऱ्यात मांजर होतं, ते बरं होतं. नंदू सकाळ-संध्याकाळ डबा देऊन जायचा. घराचा सौदा झाला की दुसऱ्या घरी हलवायचा.

"माजं प्वार वंगाळ न्हाई," ती म्हणाली. "त्याला घरांचा नाद हाय. बापाला कधी घर झालं न्हाई न्हवं, म्हनून."

मी विचारलं, "आणि तुम्ही त्याच्या स्वतःच्या घरात का नाही राहत?"

हौसाबाईने हातातला पापड फिरवून पुन्हा लाटला, तो आधीच पातळ होता. "मी मिसरी लावते. सुनंला तंबाखूचा वास सोसत न्हाई. वास्तुशांतीला गेलते की. एक दीस."

मी पहिल्यांदाच तिच्या हातात लाटी दिली.

शेवटचा अंक शनिवारी सुरू झाला. सकाळी नंदूशेठ आला आणि दारातूनच म्हणाला की आता पुरे झालं. सोमवारी मी हितं भाडेकरू घालतोय. चार पोरांचं बिऱ्हाड हाय, ती पोरं तुमच्या पापडांवरनं नाचत जातील. मग बगतो काय करताय. एवढं बोलून तो गेला. त्याला घाई होती, मेहुणीचं लग्न होतं कोल्हापुरात, बायकापोरांसकट निघाला होता, रविवारी संध्याकाळी परत येणार होता. हे आम्हाला हौसाबाईकडूनच कळलं. तिला नेत नाहीत का, असं एकीने विचारलं, तर म्हणाली, "मला न्हेल्यावर हितं कोन बसंल?"

तासाभराने पुण्याहून फोन. मास्तरांनी जेवण सोडलं होतं. घर, घर, एवढंच. जावई उद्या गाडी करून त्यांना घेऊन निघत होता. प्रमिलाबाई म्हणाल्या, "शैला, दुपारपर्यंत पोचू. काय असेल ते असो, आता मला थांबवत नाही."

मी परत आले. सगळ्यांसमोर हौसाबाईपुढे जाऊन बसले. मला गोड बोलता येत नाही. मी सरळ सांगितलं की या घराचा मालक उद्या येणार आहे. त्याला चालता येत नाही, बोलता येत नाही. तुमची कॉट आहे ना, तिथे त्याची कॉट होती. तो आला आणि तुम्ही तिथे असलात तर काय होईल, ते मला माहीत नाही.

हौसाबाईने हात पदराला पुसले.

"उठते," ती म्हणाली. "पर जाऊ कुठं? हितनं उठले की नंदू फुडच्या रिकाम्या घरात ठिवंल. तितं तुमच्यागत कोन यायचं न्हाई."

मला रडू आलं, आणि ज्या बाईला मी इतके दिवस मनात शिव्या घातल्या तिच्यासाठी रडू येतंय म्हणून रागही आला. मी चष्मा काढून पुसत बसले. रत्नाबाई मात्र तिच्याकडे निरखून बघत होत्या. कुरडयांचा चीक बरोबर शिजलाय का ते बघताना त्यांचा चेहरा असा व्हायचा.

"मावशी," त्या म्हणाल्या, "नंदूशेठ उद्या संध्याकाळपर्यंत न्हाई म्हणता. म्हंजे त्याचं घर रिकामं हाय."

पहिल्यांदा कळलं मला. मग बाकीच्यांना. सगळ्यात शेवटी हौसाबाईला कळलं, आणि तिने तोंडाला पदर लावला. हसत होती की काय करत होती, ते दिसलं नाही.

मी धावत गुरव वकिलांकडे गेले. आईने मुलाच्या घरी राहायला जाण्याला कुठलं कलम लागतं, असं विचारलं. वकील चांगले दोन मिनिटं हसले आणि म्हणाले, "एकच करा. तिला नेऊ नका. ती जाईल, तुम्ही सोबत जा."

रविवारी सकाळी शेजारच्या बेदाणा व्यापाऱ्याचा टेम्पो मागवला. टेम्पोत कॉट, स्टोव्ह, तसबीर, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी हौसाबाई. इतकं सामान कॉलनीतून चाललेलं बघून आमचे हे खिडकीतून उठून बाहेर आले. मला वाटलं, आता म्हणणार, आपल्याला काय करायचंय. हे काही न बोलता आले आणि कॉटचं एक टोक धरून चढवू लागले.

नंदूशेठचा बंगला मिरज रस्त्याला. दोन मजली, पुढे लोखंडी फाटक, फाटकाशेजारी संगमरवरी पाटी. हौसाबाई खाली उतरली आणि पाटीपाशी थांबली.

"काय लिवलंय गं?" तिने मला विचारलं.

मी वाचलं. सोनेरी अक्षरांत 'मातृछाया' लिहिलं होतं. म्हणजे आईची सावली, मी सांगितलं.

हौसाबाईने पाटीवरून बोटं फिरवली. "बरं हाय की," ती म्हणाली आणि फाटक ढकलून आत गेली.

दार कामवालीने उघडलं. हौसाबाईने सांगितलं, मी नंदूची आई. ती पोरगी गांगरली, कारण शेठला आई आहे हे तिला माहीत नव्हतं. पण आईला अडवायचं कसं, हेही तिला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. कॉट दिवाणखान्यात टीव्हीच्या समोर लागली, स्टोव्ह स्वयंपाकघरात गेला, तसबीर त्यांच्या देवघरात बसली. फरशी इतकी गुळगुळीत आणि गार होती की रत्नाबाईंच्या मनात तिथेही पीठ मळायचं आलं, पण आमचे उडीद संपले होते.

आम्ही परतलो, मास्तरांच्या घरातली वाळवणं उचलली, शेवयांच्या दोऱ्या सोडल्या, खोल्या धुतल्या, दाराला नवं कुलूप आणलं. दुपारी गाडी आली. जावयाने आणि आमच्या यांनी मास्तरांना खुर्चीत बसवून आत आणलं. मास्तर खूप वाळले होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, हिंगाचा वास घेतला, चांगला हात वर करून भिंतीला लावला आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "घर." प्रमिलाबाई दाराआड जाऊन रडल्या. मीही रडले, आणि या वेळी मला राग आला नाही.

पण मन हौसाबाईपाशी होतं. संध्याकाळी मी आणि रत्नाबाई मिरज रस्त्याला गेलो. ती कॉटवर पाय सोडून बसली होती. कामवालीने तिला चहा करून दिला होता आणि स्वतः खाली बसून तिच्याकडून लाटण्याच्या खुब्या शिकत होती. आम्ही बसलो न बसलो तोच फाटकात गाडी थांबली.

आधी बायको आत आली. लग्नातली पैठणी, केसांत गजरा, हातात मिठाईचा खोका. ती कॉट बघून थबकली. मागून नंदूशेठ आला. त्याने आईकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला.

"हितं काय करतीयास?" तो म्हणाला.

"ऱ्हायला आले."

"आणि ते घर?"

"त्येचा मालक आला. त्येला दिलं."

नंदूशेठने डोक्याला हात लावला. बायको एकदा याच्याकडे, एकदा त्या कॉटकडे बघत होती. तिला वासाबद्दल काहीतरी बोलायचं असावं, पण आमच्यापुढे तिच्याने बोलवेना. रत्नाबाई छताकडच्या झुंबराकडे बघत बसल्या होत्या.

"आई," नंदूशेठ आवाज चढवून म्हणाला, "तुला मी काय सांगून ठिवलंतं? कोन बी येऊ दे, उठायचं न्हाई म्हनून सांगितलंतं का न्हाई?"

हौसाबाईने पाय वर घेतले आणि कॉटवर नीट मांडी घालून बसली.

"सांगितलंतंस की," ती म्हणाली. "दर घरात सांगितलंयस. आई, हे घर आपलं हाय, कुनी उठवाय आलं तर उठू नगंस. चार डाव खोटं हुतं, तरी बसले बाबा. ह्या डावाला खरं हाय. आता उठव मला."

नंदूशेठ उभाच राहिला. मग त्याच्या बायकोने मिठाईचा खोका टीपॉयवर ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि खाली वाकून हौसाबाईच्या पायांना हात लावला. मनापासून की आमच्यासमोर करावं लागलं म्हणून, ते देव जाणे.

रत्नाबाईंनी मला कोपर मारलं. आम्ही दोघी लगेच उठलो. ते घर काही आमचं नव्हतं.